जुन्या घाटाचा आरसा, अंधारी बैठक आणि घरच्या घरी करता येण्याजोगी कारागिरी

निलाक्षी

आमची बैठकीची खोली लांबट आणि अरुंद आहे. एका टोकाला एकुलती एक खिडकी, दुसऱ्या टोकाला दार, आणि मधली लांब भिंत भर दुपारीही काळोखी. रंग बदलून पाहिला, दिवे वाढवून पाहिले. आता आरसा लावायचं डोक्यात आहे.

घरात एक जुना आरसा पडून आहे. नात्यातल्या एका आजींनी त्यांचं घर आवरताना दिलेला. उभा, साधारण ६० बाय ९० सेंमी, सोनेरी नक्षीची चौकट, वर मधोमध शिंपल्याचा आकार. डाव्या बाजूची पानं दोन ठिकाणी तुटली आहेत आणि काचेच्या खालच्या भागात पारा उडाल्यासारखे करडे डाग आहेत. चौकट दुरुस्त करून त्यात नवी काच बसवावी, की आहे त्याच काचेवर काही करता येईल? आणि बाकी सगळं सामान साधं, सरळ रेषांचं असताना हा प्रकार त्यात शोभेल का? नवऱ्याचं म्हणणं आहे की खोली नाटकाच्या सेटसारखी दिसेल.

भूमितीवाला

शोभेल का ते जाणकार सांगतील. मी जागेबद्दल बोलतो, कारण निम्मे आरसे तिथेच वाया जातात.

आरसा उजेड तयार करत नाही, आलेला उजेड वळवतो. त्यामुळे काळोख्या भिंतीवर आरसा लावून समोर दुसरी काळोखी भिंत असेल तर तुम्हाला दोन काळोख्या भिंती मिळतील. तुमच्या खोलीत खिडकीच्या बरोबर समोर, म्हणजे दाराच्या बाजूला लावलात तर आरशात खिडकी दिसेल, पण तिकडे तोंड करून बसणाऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येईल. त्यापेक्षा लांब भिंतीवरच लावा, पण खिडकीकडच्या टोकाला, खिडकीपासून तीनेक फुटांवर. खिडकीशी काटकोनात असलेल्या भिंतीवर उजेड तिरपा पडतो आणि तिरपाच पुढे खोलीत फेकला जातो.

आणखी एक. खिळा ठोकण्याआधी आरशाच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून भिंतीला चिकटवा. तेवढ्यावर थांबू नका. घरातल्या कुणाला तरी हातात छोटा आरसा धरून तिथे उभं करा आणि तुम्ही तुमच्या नेहमीच्या जागी बसून बघा की त्यात काय दिसतंय. चपलांचा स्टँड, वायरींचा गुंता, ट्यूबलाइट दिसत असेल तर तो उद्यापासून तुम्हाला दोनदा दिसणार आहे.

तिरकस

नवऱ्याशी सहमत. हल्ली ज्याच्या त्याच्या घरी सोनेरी वेलबुट्टीचा आरसा, खाली पांढरं टेबल, त्यावर खोटी फुलं. राजवाडा करायला निघतात आणि मंगल कार्यालय होतं.

वेलबुट्टी

@तिरकस, माझ्या आयडीकडे बघून हे लिहिलंत काय? :)

पण तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. गडबड आरशाची नसते, सगळ्या खोलीला त्याच काळाचा वेष चढवण्याची असते. साध्या खोलीत एक जुन्या घाटाची वस्तू उठून दिसते. तिच्या सोबतीला सोनेरी झुंबर, सोनेरी पडदे आणि सोनेरी पायांचं टेबल आणलं की तिचीही किंमत जाते.

निलाक्षी, तुमचा आरसा कोणत्या वळणाचा आहे हे कळण्यासाठी थोडं मागे जाऊ.

काचेच्या आरशाची मक्तेदारी बराच काळ व्हेनिसजवळच्या मुरानो बेटाकडे होती. १६६५ मध्ये फ्रान्सने स्वतःचा कारखाना काढला आणि मुरानोचे कारागीर फितवून आणले. व्हर्सायच्या राजवाड्यातलं आरशांचं दालन (१६७८ ते १६८४) ही त्या कारखान्याची जाहिरातच. दालनाची लांबी ७३ मीटर. एका बाजूला बागेकडे उघडणाऱ्या १७ कमानी खिडक्या आणि समोरच्या बाजूला तेवढ्याच १७ कमानी, त्यात एकूण ३५७ आरसे. फोटो मोठा करून पाहा, प्रत्येक कमान छोट्या छोट्या तुकड्यांची जोडून केलेली आहे. मोठी अखंड काच तेव्हा जमतच नव्हती. आज कुणाला भिंतभर आरसा परवडत नसेल, तर छोटे चौकोन जोडून बारीक फटी दिसू देणं यात कमीपणा नाही. तोच अस्सल जुना प्रकार आहे.

पुढे काच ओतून मोठे पत्रे करता यायला लागले आणि अठराव्या शतकात आरसा उंच झाला. फ्रेंच घरांत दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर किंवा शेकोटीवर एक पाटी बसायची, खाली आरसा आणि वर चित्र किंवा कोरीव काम. तिला त्रुमो म्हणतात. वरचा चित्राचा भाग बघून लोकांना वाटतं की आरसा कमी पडला म्हणून चित्र लावलंय. तसं थोडंफार होतंच, काच फार महाग होती.

याच शतकातली रोकोको ही नक्षीची शैली म्हणजे शिंपले, सी आकाराची वळणं, पाण्याच्या थेंबासारखी पानं, आणि अनेकदा मुद्दाम बिघडवलेली समानता: डावी बाजू एक, उजवी वेगळी. इंग्लंडमध्ये चिपेंडेल या फर्निचर बनवणाऱ्याने १७५४ मध्ये नमुन्यांचं पुस्तक छापलं आणि ते वळण सुतारांपर्यंत पोचलं. त्यानंतर वास्तुविशारद रॉबर्ट अ‍ॅडमच्या काळात सगळं शांत झालं, लंबगोल आरसे, बारीक माळा, कलश. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोल फुगीर आरसे आले: काळी आतली कड, सोनेरी गोळ्यांची रांग, वर गरुड. जॉन सोन या वास्तुविशारदाने आपल्या लंडनच्या घरात नाश्त्याच्या छोट्याशा खोलीत असले फुगीर आरसे पेरलेत, आणि ती खोली आहे त्यापेक्षा खोल वाटते. फुगीर आरशात अख्खी खोली मावते, म्हणून अरुंद जागेत तो सपाट आरशापेक्षा जास्त मजा आणतो. फक्त त्यात भांग पाडायला जाऊ नका.

मग व्हिक्टोरियन काळ, शेकोटीवरचे रुंद, वरून गोलाई असलेले आरसे. या काळात जुनी सगळी वळणं पुन्हा बाजारात आली, रोकोकोसुद्धा, पण आता साच्यातून. विसाव्या शतकात १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या आसपासची आर्ट डेको शैली: चौकट जवळजवळ नाहीच, कडा तासलेल्या, पायऱ्यापायऱ्यांचा आकार, कधी गुलाबी किंवा निळसर काच. आणि १९५० च्या सुमाराचा जाक आदने या फ्रेंच डिझायनरचा चामड्याच्या पट्ट्याला टांगलेला गोल आरसा, ज्याच्या नकला आज सगळीकडे दिसतात. साध्या सामानाच्या खोलीला बिनधास्त शोभणारे हे दोन.

तुमचा शिंपला मधोमध आहे आणि दोन्ही बाजू सारख्या आहेत, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकातला पुनरावतार. तुटलेल्या जागी आत काय दिसतंय, लाकडाचे रेषे की तपकिरी घट्ट पिठासारखं काही?

सदाफुली

वाचतेय. वाखू (वाचनखूण) साठवली. भाड्याचं घर असल्यामुळे भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही, आमच्यासारख्यांसाठीही कुणी लिहा.

खिळामोळा

निलाक्षी, काचेला हात लावण्याआधी आरसा पालथा करून मागची फळी हळूच काढा आणि मागून काच कशी दिसते ते सांगा. रंग आहे का? असल्यास कुठला? नुसतं करडं, चंदेरी, उघडं दिसतंय का? आणि भूमितीवाल्यांना आवडेल अशी साधी चाचणी: पेन्सिलीचं टोक काचेला टेकवा. टोक आणि प्रतिबिंब यांच्यात जेवढं अंतर, त्यावरून काचेची जाडी कळते. जुनी काच बहुधा पातळ असते, टोकं जवळजवळ भिडतात.

खाली जाड चादर पसरा. हातमोजे घाला. काही खरवडू नका.

निलाक्षी

मागची फळी काढली. रंग अजिबात नाही. आख्खा मागचा भाग करडा, पातळ पत्र्यासारखा, उजेडात धरला तर बारीक साखरेसारखा चमकतो. खालच्या कडेला दोन-तीन अगदी इवले चकचकीत मणी आहेत, मोहरीहूनही लहान. पेन्सिलीची टोकं जवळपास चिकटतात. तुटलेल्या पानांच्या जागी लाकूड नाही, तपकिरी घट्ट काहीतरी आहे, आणि धड असलेल्या पानांवर ठरावीक अंतरावर आडव्या बारीक भेगा दिसतात.

वेलबुट्टी

थांबा. फळी परत लावा, पण त्याआधी खोलीची खिडकी उघडा.

ते मणी पाऱ्याचे आहेत. म्हणजे हा कथील-पाऱ्याचा आरसा आहे. काचेमागे कथलाचा पातळ पत्रा, त्यात पारा मुरवलेला, अशी ती पद्धत. युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये काचेवर चांदीचा थर देण्याची रीत शोधली आणि पुढे हळूहळू पारा मागे पडला. तोवर, आणि नंतरही काही दशकं, आरसे पाऱ्याचेच निघत. चांदीच्या थराला मागून रंग देऊन झाकतात, पाऱ्याच्या आरशाला सहसा तसा रंग नसतो. साखरेसारखी चमक हीसुद्धा त्याचीच खूण. चांदीचा आरसा किंचित पिवळट उबदार दिसतो, हा थंड करडा दिसतो.

भिंतीवर शांत लटकत असलेला असा आरसा बाळगायला घाबरायचं कारण नाही. पण मागचा थर खरवडायचा नाही, पॉलिशपेपर लावायचा नाही, हेअर ड्रायरने तापवायचा नाही, उन्हात किंवा हीटरवर ठेवायचा नाही. पडलेल्या मण्यांवर झाडू फिरवू नका, व्हॅक्यूम तर मुळीच नाही. दोन पुठ्ठ्यांच्या कडांनी गोळा करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भरा आणि घातक कचरा म्हणून द्या. नेहमी उभाच ठेवा आणि आजवर जी कड खाली होती तीच खाली ठेवा, कारण सुटा पारा तिथेच उतरून बसलेला असतो. उलटा केलात तर तो सगळ्या थरातून नव्याने ओघळेल.

आणि कृपा करून नवी काच बसवू नका. ते करडे डाग हेच त्याचं वय आहे. कोऱ्या करकरीत काचेभोवती जुनी चौकट काल विकत घेतल्यासारखी दिसते.

तिरकस

हे मान्य. डागाळलेली काच असेल तर मंगल कार्यालय होत नाही. शब्द मागे घेतो, निम्मे.

खिळामोळा

मग काच तशीच राहू द्या, चौकटीकडे वळू. ते तपकिरी काहीतरी म्हणजे खडूची पूड, सरस, राळ आणि जवसाचं तेल यांचा लगदा, साच्यात दाबून काढलेला. सुकताना आकसतो म्हणून त्या ठरावीक अंतराच्या आडव्या भेगा. दुरुस्तीला हा प्रकार सोपा, कारण साच्यातून निघालेलं पान पुन्हा साच्यातून काढता येतं.

आधी पुसणं. ओलं फडकं लावायचं नाही! सोन्याचा वर्ख पाण्याच्या पद्धतीने चढवलेला असेल तर ओल्या फडक्याबरोबर सोनं, त्याखालची लाल माती आणि खालचा पांढरा थर असं सगळं निघून येतं. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा, बस्स. कुठे तपकिरी-हिरवट झालेलं सोनेरी दिसलं तर ते सोनं नव्हे, नंतर कुणीतरी मारलेला पितळेच्या पुडीचा रंग आहे. खरं सोनं काळवंडत नाही.

पान करायचं असं. उजव्या बाजूला तेच पान शाबूत आहे ना? पण ते आरशातल्यासारखं उलटं असेल, म्हणून डाव्याच बाजूला वर किंवा खाली तसंच पान आहे का ते शोधा, नक्षीत सहसा पुन्हा येतं. दोन भाग मळून वापरायची सिलिकॉनची पुट्टी मिळते. तिचा गोळा त्या पानावर हलकेच दाबा, दहा-पंधरा मिनिटांत रबरासारखी होते, सोलून काढली की साचा तयार. तिथला सोनेरी थर सुटत असेल तर मात्र हा उद्योग करू नका, आधी एका कोपऱ्यात वाटाण्याएवढा गोळा लावून बघा. साच्यात इपॉक्सी पुट्टी भरा, कडक व्हायच्या आधीच काढून चौकटीच्या वळणावर बसवून बघा, म्हणजे त्याच वळणात कडक होईल. मागची बाजू घासून सपाट करा आणि सुताराच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवा. फट राहील तिथे लांबी (फटी बुजवायचा लगदा) भरा.

रंगाला घाई नको. सोनेरी रंग थेट मारला की ते पान ओरडून सांगतं की मी नवीन आहे. आधी विटकरी लाल रंग द्या. तो वाळला की सोनेरी मेण बोटाच्या टोकावर अगदी नावापुरतं घेऊन फक्त उंचवट्यांवर फिरवा, खाचांत लाल राहू द्या. मग गडद तपकिरी रंग भरपूर पातळ करून सगळीकडे लावा आणि लगेच पुसा, खाचांत बसेल तेवढाच ठेवा. शेजारच्या जुन्या पानाशी ताडून बघत चला आणि जुळण्याच्या जरा आधीच थांबा.

कडीकोयंडा

@सदाफुली, भाड्याच्या घरासाठी: कपाटावर किंवा बुटक्या शेल्फवर टेकवून ठेवलेला आरसा टांगलेल्यापेक्षा कधीकधी जास्त छान दिसतो. खाली रबराची पट्टी लावा, घसरत नाही. घरात लहान मूल असेल तर मागून पट्ट्याने शेल्फलाच बांधा, शेल्फ जड असेल तरच. जमिनीवर टेकवलेला उंच आरसा मागे कलतो आणि त्यात छत दिसायला लागतं, पंखा आणि जळमटांसकट. तळ भिंतीच्या जितका जवळ तितकं छत कमी, पण पुढे कोसळायची भीती जास्त. दोन्हीचा मेळ घालावा लागतो.

भूमितीवाला

आणि उंच म्हणजे किती उंच हेही ठरवून घ्या. डोक्यापासून पायापर्यंत दिसायला आपल्या निम्म्या उंचीचा आरसा पुरतो, तुम्ही कितीही मागे सरका. उंची १६० सेंमी, डोळे १५० वर धरले तर आरसा ८० सेंमीचा हवा, खालची कड जमिनीपासून ७५ वर, वरची १५५ वर. आरसा ताठ उभा असेल तर हं, कललेला असेल तर गणित बदलतं. घरात खालची कड सगळ्यांत बुटक्याच्या मापाने आणि वरची सगळ्यांत उंच माणसाच्या मापाने ठरवा.

सदाफुली

हे माहीतच नव्हतं, आम्ही आपले दारभर उंचीचा शोधत होतो. निलाक्षीच्या काचेसारखी डागाळलेली काच घरी करता येते का? पाऱ्याशिवाय अर्थात.

खिळामोळा

येते, आणि सगळ्यांत सोपी रीत आरशापासून नव्हे, साध्या काचेपासून सुरू होते. जुन्या फोटोफ्रेमची काच घ्या, स्पिरिटने पुसा. जी बाजू मागे जाणार तिच्यावर पाणी आणि व्हिनेगर निम्मे निम्मे करून फवारणीच्या बाटलीने तुषार सोडा. ओघळ नकोत, थेंब हवेत. त्यावर लगेच आरशासारखी चकाकी देणारा स्प्रे रंग मारा, एकदम नाही, पातळ पातळ तीन-चार थर. मिनिटभराने कागदी रुमालाने टिपा, घासू नका. जिथे थेंब होते तिथे छिद्रं पडतात. वाळलं की मागून काळा रंग, म्हणजे त्या छिद्रांतून काळपट डाग दिसतील. काळ्यात कुठेकुठे तपकिरी मिसळलात तर आणखी खरं वाटतं. डाग कडांना जास्त, मधे तुरळक ठेवा, ओल कडेनेच आत शिरते.

दुसरी रीत खऱ्या आरशाची: मागचा रंग, रंग काढायच्या द्रावणाने सोलायचा आणि चांदीच्या थरावर ब्लीच टिपून तो खायला लावायचा. परिणाम जास्त सुंदर, पण वाफा, हातमोजे, चष्मा, उघडी गच्ची सगळं लागतं. ब्लीच आणि कुठलंही आम्ल एकत्र येऊ द्यायचं नाही, व्हिनेगरसुद्धा नाही, क्लोरीन वायू सुटतो. म्हणजे वरच्या रीतीतली बाटली या रीतीच्या आसपास नको. पहिल्यांदा करत असाल तर स्प्रेचीच रीत धरा.

निलाक्षी

सगळ्यांचे आभार. वर्तमानपत्राचा कागद लावून झाला. खिडकीपासून तीन फुटांवर भूमितीवाल्यांनी सांगितलं तसं. लेकीने छोटा आरसा धरला तर बसल्या जागेवरून त्यात समोरचं पुस्तकांचं कपाट आणि खिडकीची एक उभी पट्टी दिसते. नवरा म्हणाला, चालेल. टांगायचं कसं, एक मोठा खिळा पुरेल का?

कडीकोयंडा

एक खिळा नको, कितीही मोठा असला तरी. आरसा डुलतो, तिरपा होतो, आणि सगळा भार तारेच्या एका बिंदूवर येतो. काचेचं वजन सोपं आहे: दर चौरस मीटरला, दर मिलिमीटर जाडीला अडीच किलो. तुमची काच ०.५४ चौरस मीटर, जाडी ३ मिमी धरली तर चार किलोच्या जरा वर. चौकट आणि फळी मिळून दहा धरा आणि दुप्पट पेलेल असं काम करा. चौकटीच्या मागे वरून एक तृतीयांशावर दोन्ही बाजूंना डी आकाराच्या कड्या, स्क्रू चौकटीच्या लाकडात, त्या लगद्यात नाही. भिंतीत स्क्रूसाठी दोन स्वतंत्र प्लग, पाणसळ लावून एका रेषेत. मागे खालच्या कोपऱ्यांना फेल्टचे तुकडे चिकटवा, हवा खेळती राहते.

भिंत बाहेरची असेल आणि ओल येत असेल तर मात्र दुसरी जागा बघा. पाऱ्याच्या थराला ओल अजिबात सोसत नाही.

निलाक्षी

आतली भिंत आहे, कोरडी. पान साच्यात आहे, उद्या काढते. जाता जाता: न्हाणीघरातल्या साध्या आरशाच्या कडा काळ्या पडत चालल्यात, ते कशाने?

खिळामोळा

कडेने पाणी शिरून चांदी खराब होते. फवारा काचेवर मारला की तो ओघळून खालच्या कडेला साचतो, म्हणून फडक्यावर मारा, आणि अमोनियावालं द्रावण टाळा. पडलेला काळा भाग परत येत नाही, पट्टी लावून झाका. नवा बसवताना कडांना सिलिकॉन लावणार असाल तर न्यूट्रल प्रकारचं मागा. ज्याला व्हिनेगरचा वास येतो ते चांदीचा थर खातं.